डिझेल इंजिनाची टाकी कोठे व किती उंचीवर बसवावी?

विजेचे पंप आणि अलीकडे सौर पंप गावोगावी झाले असले, तरी नाल्याच्या काठी, शेततळ्यावर व वीज न पोहोचलेल्या विहिरीवर डिझेल इंजिनावाचून अद्याप पुष्कळांचे चालत नाही. अशी इंजिने पाहावयास गेले असता एक गोष्ट वारंवार नजरेस येते. कारखान्याने दिलेली लहान टाकी काढून टाकलेली असते आणि तिच्या जागी मोठा डबा अगर कॅन सोयीप्रमाणे कोठे तरी ठेवून त्यास रबरी नळी जोडलेली असते. पुढे इंजिन मधूनच बंद पडू लागते. मिस्त्री येतो, हवा काढतो, इंजिन चालू होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. अशा वेळी इंजिनास दोष देण्यापूर्वी टाकीची जागा पाहावी.

पाणी उपसण्याच्या एका सिलिंडरच्या लहान इंजिनात टाकीतून डिझेल ओढून आणणारे निराळे साधन बहुधा नसते. फ्युएल पंपाचे काम मोजून घेतलेले थोडेसे डिझेल मोठ्या दाबाने नोझलकडे ढकलण्याचे आहे; दुरून ओढून आणण्याचे नव्हे. थारोळ्यातील पाणी जसे उताराने पाटात येते, तसे डिझेल आपल्या वजनानेच फ्युएल पंपापर्यंत उतरले पाहिजे. टाकी जमिनीवर आणि इंजिन चौथऱ्यावर अशी रचना असली, तर टाकी भरलेली असेपर्यंत इंजिन बरे चालते. पातळी पंपाच्या खाली गेली की नळीच्या सांध्यांतून हवा शिरते आणि टाकीत डिझेल शिल्लक असतानाही इंजिन गचके खाऊन थांबते. ‘अर्धी टाकी झाली की बंद पडते’ अशी तक्रार ऐकली की कारण येथेच शोधावे.

टाकीचा तळ फ्युएल पंपापेक्षा निदान एक फूट वर असावा. दीड ते दोन फूट असल्यास अधिक बरे. येथे माप तळापासून घ्यावयाचे, तोंडापासून नव्हे. डिझेल पाण्याहून हलके असल्याने त्याच्या एक फूट उंचीचा दाब पाण्याच्या सुमारे दहा इंच उंचीइतकाच पडतो, आणि फिल्टर गाळाने भरत जातो तसा तोही अपुरा पडू लागतो. मात्र टाकी आढ्याला टांगूनही लाभ नाही. दाब वाढला की सांधे पाझरू लागतात. सेकंदास एक थेंब गळाला तरी आठ तासांत अर्ध्या लिटराहून अधिक डिझेल जाते. पाच अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण भारावर ताशी साधारण एक ते सव्वा लिटर खाते, हे ध्यानात घेता हे नुकसान लहान नव्हे.

नळी टाकीपासून फिल्टरपर्यंत सारखी उतरती असावी. मध्येच उंचवटा राहिला तर तेथे हवा अडकून राहते. साधी रबरी नळी डिझेलने फुगते व मऊ पडते; डिझेलसाठी केलेलीच नळी घ्यावी. टाकी जस्ताच्या मुलाम्याच्या पत्र्याची नसावी. जस्ताशी डिझेलचा संयोग होऊन तयार होणारा चिकट पदार्थ फिल्टर बंद करतो. टाकीच्या झाकणास बारीक छिद्र असते. धूळ जाऊ नये म्हणून त्यावर प्लॅस्टिक बांधण्याची चाल आहे, ती सोडावी. आत हवा न शिरल्यास डिझेल उतरत नाही. झाकण सैल करताच हवा आत ओढल्याचा आवाज झाला, तर छिद्र बुजले आहे असे समजावे.

आता बाजू कोणती? टाकी धुराड्याच्या विरुद्ध बाजूस असावी, त्याच्या वर तर कदापि नको. आपल्याकडील डिझेलच्या मानकात भडका उडण्याचे तापमान किमान ३५ अंश सेल्सिअस धरले आहे, आणि विदर्भातील उन्हाळा याहून पुष्कळ तापतो. इंजिनाचे छप्पर पाचटाचे आणि शेजारी कडब्याची गंजी, असे चित्र विरळ नाही! तोटी टाकीलाच हवी व दारातून हात पोहोचेल अशी हवी. आग लागल्यास प्रथम ती बंद करावी. जळत्या डिझेलवर पाणी मारू नये, ते पसरते. वाळू अगर ओले पोते टाकावे.

पंप पाणी ओढू शकतो ते व्यवहारात वीस ते बावीस फुटांपर्यंतच. म्हणून विहीर खोल गेली की काही ठिकाणी विहिरीत टप्पा काढून इंजिन खाली उतरवितात व टाकी काठावर ठेवतात. ही रचना दोन्ही अंगांनी वाईट आहे. पंधरा फुटांवरून उतरणाऱ्या नळीचा सांधा निखळला तर सारे डिझेल विहिरीत जाते, आणि अगदी थोड्या डिझेलनेही पाणी पिण्यास निरुपयोगी होते. त्याहून भयंकर धोका धुराचा. त्यातील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाही, वास नाही. विहिरीत वारा खेळत नसल्याने तो साचतो आणि खाली उतरलेला माणूस बेशुद्ध पडतो. त्यास काढावयास उतरणाराही तसाच पडतो. टाकी कोठेही ठेवली तरी हा धोका टळत नाही. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी विहीर दिसताच इंजिन वर काढविण्याचा आग्रह धरावा. खोल पाण्यासाठी विजेचा पाणबुडी पंप हाच योग्य उपाय होय.

इंजिन काठावर असले तरी टाकीखाली वाळूची पसरट परात ठेवावी आणि चौथऱ्याचा उतार विहिरीपासून दूर काढावा.

टाकीतून नळी निघते ते तोंड तळापासून इंचभर वर असावे, म्हणजे पाणी व गाळ खाली राहतो; तो काढण्यास सर्वांत खालच्या जागी वेगळी चकती अगर बूच ठेवावे आणि आठवड्यातून एकदा सोडावे. रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने दव धरते, म्हणून सायंकाळी इंजिन थंड झाल्यावर वरती दोन बोटे जागा ठेवून टाकी भरावी. बारीक जाळीचे नरसाळे वापरावे. पिंप उघड्यावर उभे ठेवावयाचे असल्यास एका बाजूस विटेचा तुकडा देऊन थोडे कलते करावे आणि बूच चढत्या बाजूस ठेवावे. पावसाचे पाणी बुचाभोवती साचून आत शिरत नाही.