नवा फोन, जुना फोन आणि शून्य त्रुटी

घरात नवा स्मार्टफोन आला की सर्वांची धावपळ सुरू होते. जुन्या फोनमधील सिमकार्ड काढून नव्यात घालायचे, नातेवाइकांचे क्रमांक आणि छायाचित्रे हलवायची, कॅमेरा कसा आहे ते पाहायचे. दोन दिवसांत नवा फोन हाताच्या सवयीचा होतो आणि जुना कपाटाच्या खणात जाऊन पडतो. फोनची ओळख झाली असे आपण समजतो. खरे पाहता ती त्याच्या बाह्य रूपाचीच ओळख असते.

विद्यार्थी मित्रांनो, स्मार्टफोन ही एक लहानशी प्रयोगशाळाच आहे. त्वरण, चुंबकीय क्षेत्र, प्रकाशाची तीव्रता, ध्वनी, पृथ्वीवरील स्थान, आणि काही फोनमध्ये हवेचा दाबसुद्धा मोजणारी उपकरणे त्यात बसवलेली असतात. त्यांना संवेदक असे म्हणतात. आता, प्रयोगशाळेत नवा व्हर्निअर कॅलिपर हाती आला तर आपण प्रथम काय करतो? त्याचे जबडे मिटवतो आणि दोन्ही शून्ये जुळतात की नाही ते पाहतो. जुळत नसतील तर शून्य त्रुटी नोंदवून ठेवतो. हाच नियम फोनलाही लागू आहे. त्यातील संवेदक किती चुकतात आणि कोणत्या दिशेने चुकतात हे कळले, म्हणजे फोनची खरी ओळख झाली.

कुलाब्याहून अलिबागला

जुन्या उपकरणाकडून नव्याकडे कसे जावे, याचे एक उत्तम उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत असत. पुढे मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम आणण्याचे ठरले. ट्रामच्या विद्युतप्रवाहामुळे निर्माण होणारे चुंबकीय क्षेत्र वेधशाळेच्या नाजूक उपकरणांना बिघडवणार, हे उघड होते. म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबाग येथे नवी चुंबकीय वेधशाळा उभारण्यात आली. तिच्या बांधकामात लोखंडासारखी चुंबकीय द्रव्ये कटाक्षाने टाळली होती.

नवी वेधशाळा १९०४ साली सुरू झाली. परंतु त्या दिवशी जुनी बंद केली नाही! १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेण्यात आल्या. दोन्ही जागांच्या मापनांत नेमका किती फरक पडतो ते कळल्यानंतरच कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी थांबवल्या. त्यामुळेच कुलाबा आणि अलिबाग येथील नोंदींची अखंड मालिका आज शास्त्रज्ञांना उपलब्ध आहे. आपल्यालाही हाच धडा गिरवायचा आहे. नवा फोन आल्यावर जुना लगेच खणात न टाकता दोन्ही काही दिवस शेजारी शेजारी ठेवू या.

संवेदकांचे आकडे पडद्यावर पाहण्यासाठी मोफत ॲप मिळतात. त्यांपैकी ‘फायफॉक्स’ हे ॲप जर्मनीतील आखेन येथील तंत्र विद्यापीठाने २०१६ साली प्रसिद्ध केले. आपल्या फोनमध्ये कोणते संवेदक आहेत ते त्यावरून समजते. स्वस्त फोनमध्ये यांतील काही नसतात. म्हणून आधी यादी पाहावी, मग प्रयोगाला लागावे.

फोन उलटा करून पाहा

पहिला संवेदक त्वरणमापक. फोन आडवा केला की पडद्यावरील चित्र आडवे होते, ते याच्यामुळे. सिलिकॉनच्या एका सूक्ष्म तुकड्यावर कंगव्यासारखे दाते कोरलेले असतात आणि तो तुकडा सिलिकॉनच्याच लवचीक पट्ट्यांवर तोललेला असतो. हे सर्व इतके लहान असते की दात्यांमधील फट आपल्या केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी भरते. फोनला त्वरण मिळाले, की स्प्रिंगेला टांगलेल्या वजनाप्रमाणे हा तुकडा किंचित सरकतो. मग त्याचे दाते आणि समोरचे स्थिर दाते यांमधील अंतर बदलते. दात्यांची प्रत्येक जोडी हा एक विद्युत धारित्रच असतो. अंतर बदलले की धारकता बदलते आणि त्या बदलावरून फोन त्वरण ठरवतो.

फोन टेबलावर स्वस्थ पडलेला असतानाही गुरुत्वामुळे हा तुकडा थोडा झुकलेलाच असतो. म्हणून त्या वेळी पडद्याला लंब असलेल्या दिशेत गुरुत्व त्वरणाचा आकडा दिसतो. आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तो सुमारे ९.७८ मीटर प्रति वर्ग सेकंद असायला हवा. पुस्तकात काही वेळा ९.८१ दिलेला असतो, तो युरोपातील अक्षांशांना जवळचा. आपण विषुववृत्ताच्या जवळ आहोत आणि शिवाय पठारावर राहतो, म्हणून आपला आकडा थोडा कमी.

आता फोन सपाट, समतल टेबलावर पडदा वर करून ठेवा आणि आकडा लिहून घ्या. मग पडदा खाली करून ठेवा आणि पुन्हा आकडा घ्या. समजा पहिल्या वेळी ९.८७ आणि दुसऱ्या वेळी उणे ९.६९ मिळाले. गुरुत्व तर बदललेले नाही, फक्त फोनच्या दृष्टीने त्याची दिशा उलटली. चिन्ह सोडून दोन्ही आकड्यांची सरासरी ९.७८ येते. फरकाच्या निम्मे, म्हणजे ०.०९, ही या फोनची शून्य त्रुटी. व्हर्निअरचे जबडे मिटवण्याऐवजी आपण फोन उलटा केला, एवढेच.

सरासरी ९.७८ न येता ९.७० आली तर? मग शून्य त्रुटी वजा केल्यावरही चूक उरते. पट्टीवरील खुणाच जरा जास्त अंतरावर आखलेल्या असाव्यात, तसा हा प्रकार आहे. याला प्रमाणाची त्रुटी म्हणता येईल. जुन्या आणि नव्या फोनची दोन्ही प्रकारची त्रुटी काढा. नवा फोन महाग असला तरी याबाबतीत तो जुन्यापेक्षा सरस असेलच असे नाही.

आठचा आकडा कशासाठी?

नकाशा उघडल्यावर काही वेळा फोन आपल्याला हवेत इंग्रजी आठचा आकडा काढायला सांगतो. पुष्कळांना हे गमतीचे वाटते. पण यामागे आपण आत्ताच केलेलीच युक्ती आहे.

फोनमधील होकायंत्रात सुई नसते. त्यात चुंबकीय क्षेत्र मोजणारा एक अर्धवाहक संवेदक असतो. अनेक फोनमध्ये तो हॉल परिणामावर चालतो. हा परिणाम एडविन हॉल यांनी १८७९ साली शोधला. आपल्या भागात पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र चाळीस-पंचेचाळीस मायक्रोटेस्ला इतके, म्हणजे फार क्षीण असते. फोनच्या ध्वनिक्षेपकात मात्र चुंबक असतो, आणि काही पाकिटांच्या झाकणातही असतो. कुलाब्याला ट्रामची धास्ती होती. फोनला ट्राम आपल्या पोटातच घेऊन फिरावे लागते!

सुदैवाने फोन वळवला तरी पोटातला चुंबक फोनबरोबरच वळतो, म्हणून त्याचा परिणाम फोनच्या दृष्टीने सतत सारखाच राहतो. पृथ्वीच्या क्षेत्राची दिशा मात्र फोनच्या दृष्टीने बदलत जाते. आठचा आकडा काढताना फोन सर्व बाजूंनी फिरतो. जो भाग बदलला नाही तो चुंबकाचा आणि जो बदलला तो पृथ्वीचा, असा हिशेब फोन करतो व न बदलणारा भाग वजा करून टाकतो. म्हणजे शून्य त्रुटीच! फरक इतकाच, की येथे ती तिन्ही दिशांना काढायची असते. म्हणून नव्या फोनला चुंबकी झाकणाचे पाकीट चढवले, की आठचा आकडा पुन्हा काढला पाहिजे. हा प्रयोग लोखंडी बाकापासून दूर, उघड्या मैदानात करावा.

दोघेही चुकतात तेव्हा

आतापर्यंत दोन फोनची तुलना आपल्या उपयोगी पडली. पण तुलनेलाही मर्यादा आहे. ती हातकणंगले रेल्वे स्थानकावर चांगली लक्षात येते.

मिरज-कोल्हापूर हा लोहमार्ग १८९१ साली सुरू झाला. त्यावरील आपल्या स्थानकाप्रमाणेच देशातील बहुतेक स्थानकांच्या पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. दोन्ही फोन घेऊन पाटीजवळ मोकळ्या आकाशाखाली उभे राहा आणि जीपीएसने दाखवलेली उंची वाचा. आकडे थोडे खाली-वर होत राहतील. कारण उपग्रहांकडून येणाऱ्या रेडिओलहरींना लागलेल्या वेळावरून फोन अंतर काढतो, आणि या लहरी सेकंदाच्या एक कोटीव्या भागात ३० मीटर जातात. हवेतून येताना झालेला थोडासा विलंबही उंचीत काही मीटरांची चूक घडवतो. पाचदहा मिनिटे थांबून सरासरी घेतली की हे हेलकावे बरेच कमी होतात.

पण काही ॲपमध्ये एक नवल दिसते. दोन्ही फोनची सरासरी एकमेकींशी जुळते आणि तरीही ती पाटीवरील आकड्यापेक्षा साठ ते ऐंशी मीटरांनी कमी असते! मग पाटी चुकीची समजायची काय?

पाटी बरोबर आहे आणि फोनही गणितात चुकलेले नाहीत. जीपीएस उंची मोजते ती पृथ्वीच्या एका आदर्श, गुळगुळीत दीर्घवर्तुळजापासून. खरी समुद्रसपाटी मात्र गुळगुळीत नाही. पृथ्वीच्या पोटातील द्रव्य सर्वत्र सारखे पसरलेले नसल्यामुळे गुरुत्व असमान असते, आणि त्यानुसार समुद्रसपाटीही कोठे फुगते, कोठे खचते. श्रीलंकेच्या दक्षिणेला ती आदर्श पृष्ठापेक्षा शंभर मीटरांहून अधिक खाली आहे. जगातील सर्वांत मोठा खोलगटपणा तोच. आपला भाग या खोलगटाच्या उतारावर येतो. पाटीवरील उंची खऱ्या समुद्रसपाटीपासून मोजलेली, फोनची आदर्श पृष्ठापासून मोजलेली. म्हणून हा फरक. काही ॲप ही दुरुस्ती स्वतःच करतात, काही करत नाहीत.

येथे एक महत्त्वाचा मुद्दा ध्यानात घ्या. दोन फोन एकमेकांशी जुळले, म्हणून ते बरोबर ठरत नाहीत. दोघांनी एकच चुकीचा प्रारंभबिंदू धरला असेल तर त्यांची तुलना ती चूक कधीच उघडकीस आणणार नाही. त्यासाठी तिसरा, स्वतंत्र साक्षीदार लागतो. येथे तो साक्षीदार म्हणजे एक पिवळी पाटी.

फोनमध्ये वायुदाबमापक असेल तर आणखी एक साक्षीदार मिळतो. आपल्या उंचीवर सुमारे नऊ मीटर वर चढले की दाब एक हेक्टोपास्कलने कमी होतो. शाळेचा एक जिना चढताच आकड्यात पडलेला फरक दिसतो. कुंभोजजवळच्या बाहुबलीच्या डोंगराची पायथ्यापासूनची उंची अशी मोजता येईल. मात्र पायथ्याचे आणि माथ्याचे वाचन थोड्याच वेळाच्या अंतराने घ्यावे. कारण हवेचा दाब रोज सकाळी दहाच्या सुमारास वाढलेला आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला असतो. हा फरक तीन-चार हेक्टोपास्कल भरतो. म्हणजे टेबलावर ठेवलेला फोन दुपारपर्यंत जागच्या जागी तीसएक मीटर ‘वर चढतो’!

खणातील फोन

आता जुन्या फोनचे काय करायचे? कित्येक शाळांच्या प्रयोगशाळांत अचूक त्वरणमापक किंवा चुंबकीय क्षेत्रमापक कधी आलेला नसतो. पण पडदा तडकलेल्या, कॅमेरा बिघडलेल्या फोनमधील संवेदक बहुधा शाबूत असतात. घरातील मोठ्यांच्या संमतीने त्यातील सिमकार्ड काढावे, खाजगी माहिती पूर्ण पुसावी आणि फोन शाळेला द्यावा. बॅटरी फुगलेली असेल तर मात्र तो मुळीच वापरू नये व चार्जही करू नये.

शिक्षकांनी अशा प्रत्येक फोनच्या पाठीवर एक चिठ्ठी डकवावी. तीवर त्वरणमापकाची शून्य त्रुटी, प्रमाणाची त्रुटी, स्थानकाच्या पाटीशी उंचीत येणारा फरक आणि तपासणीची तारीख लिहावी. चिठ्ठी नसलेला नवा कोरा फोन आणि चिठ्ठी असलेला जुना तडकलेला फोन यांपैकी एक प्रयोगासाठी निवडायचा झाला, तर जुनाच उचलावा. त्याची चूक आपल्याला ठाऊक आहे, आणि ठाऊक असलेली चूक वजा करता येते.