अश्वकर्ण ते ग्रीनस्टिक : हाड मोडण्या-जुळण्याची गोष्ट

‘हाडवैद्याने हाड जोडलं’ असं आपण म्हणतो. वैद्य हाड बसवतो आणि बांधतो. जुळतं ते हाड स्वतःच. सुश्रुतसंहितेतले भग्नावरचे दोन अध्याय या दृष्टीने वाचण्याजोगे आहेत.

निदानस्थानाच्या पंधराव्या अध्यायात इजेचे आधी दोन भाग केले आहेत. सांधा निखळणं म्हणजे संधिमुक्त, त्याचे ६ प्रकार. हाड मोडणं म्हणजे कांडभग्न, त्याचे १२. दोन्ही टोकांना दबून मध्ये गाठीसारखं उंचावलेलं हाड ‘कर्कटक’, म्हणजे खेकडा. घोड्याच्या कानासारखं वर आलेलं ‘अश्वकर्ण’. हात लावताच करकरणारं ‘चूर्णित’. एक तुकडा दुसऱ्यात घुसला तर ‘मज्जानुगत’, वाकलं पण सुटलं नाही तर ‘वक्र’. क्ष-किरणांचा शोध १८९५चा. त्याआधी निदान डोळ्यांनी, बोटांनी आणि कानांनीच व्हायचं. म्हणून ही नावं आकाराची आणि आवाजाची आहेत, असं मला वाटतं. आजचे ऑब्लिक, कम्यूनिटेड, इम्पॅक्टेड हे प्रकार त्यांच्या जवळ जातात, तंतोतंत जुळत नाहीत. ‘वक्र’ वाचून मात्र लहान मुलांचं ग्रीनस्टिक फ्रॅक्चर आठवतंच : ओल्या फांदीसारखं हाड एका बाजूने चिरतं, दुसऱ्या बाजूने नुसतं वाकतं.

मोडल्या जागी प्रथम रक्त साकळतं. दोन-तीन आठवड्यांत तिथे कूर्चेचा मऊ सांधा, म्हणजे कॅलस, तयार होतो. त्यात क्षार बसून तो टणक व्हायला साधारण दीड ते तीन महिने लागतात. पुढे कित्येक महिने, कधी वर्षंही, शरीर जास्तीचं हाड काढून टाकतं आणि भार पडतो तिथे भर घालतं. यूलिउस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने १८९२मध्ये हाच नियम मांडला. त्वचेवर व्रण राहतो. हाड हाडानेच भरून निघतं. सुश्रुताचा हिशेब सोपा आहे : बालवयात १ महिना, मध्यम वयात २, उतारवयात ३.

चिकित्सास्थानात बांधण्यासाठी मोह, वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली आणि बांबू सांगितले आहेत. पट्टी थंडीत ७, समशीतोष्ण काळात ५ आणि उन्हाळ्यात ३ दिवसांनी सोडून पुन्हा बांधायची. सैल बांधली तर सांधा स्थिर राहत नाही. आवळली तर सूज, वेदना आणि पू. मला हाच इशारा सर्वांत मोलाचा वाटतो. सूज वाढते, पट्टी वाढत नाही. रक्त पोहोचेनासं झालं की काही तासांतच स्नायू मरू लागतात आणि हात कायमचा आखडतो. १८८१मध्ये फोल्कमानने घट्ट पट्ट्यांमुळे येणाऱ्या याच आखडण्याचं वर्णन केलं. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्याने मुलांचे हात आजही असे जातात.

म्हणून पट्टी कामट्यांची असो की प्लास्टरची, बांधल्यावर वेदना वाढतच गेली, बोटं सरळ करताना असह्य कळ आली, ती बधिर, गार किंवा निळसर पडली, तर तडक रुग्णालय गाठून ती सैल करून घ्यावी. सकाळची वाट पाहू नये. हाड पुन्हा बसवता येतं. मेलेला स्नायू परत येत नाही.