कन्सोलवरील खेळाचे चित्रण : खर्च नेमका कशावर करावा?

प्रतिनिधी

घरात प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्स आहे, त्यावर रंगलेला खेळ उत्तम दर्जात चित्रित करून यूट्यूबवर टाकायचा आहे, तर संगणक कोणता घ्यावा? हा प्रश्न घेऊन मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरील एखाद्या दुकानात गेल्यास ‘गेमिंग पीसी’चे अंदाजपत्रक हाती पडण्याची शक्यता अधिक. त्यातील सर्वांत मोठा आकडा ग्राफिक्स कार्डाचा असतो. मोजक्या पैशांत काम भागवू पाहणाऱ्या कुटुंबासाठी हा खर्च बव्हंशी अनाठायी ठरतो. खेळातील दृश्ये उभी करण्याचे अवजड काम कन्सोलने आधीच केलेले असते. संगणकाकडे तीनच कामे उरतात : आलेले दृश्य आत घेणे, ते आकुंचित करणे आणि साठवणे.

आधी कन्सोलच तपासा

काही खरेदी करण्यापूर्वी कन्सोलची स्वतःची सोय पाहावी. भारतात २ फेब्रुवारी २०२१ रोजी विक्रीस आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये ४के दर्जाचे चित्रण करता येते. लांबीची मर्यादा मात्र फार तर एका तासाची आहे. चित्रफीत यूएसबी ड्राइव्हवर उतरवूनही घेता येते. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचवर अवघ्या ३० सेकंदांची फीत जतन होते. छोट्या फितींवर काम भागत असेल, तर वेगळ्या खर्चाची गरज नाही. सलग काही तासांचे चित्रण हवे असेल, किंवा खेळाचा आणि स्वतःचा आवाज वेगवेगळा नोंदवायचा असेल, तरच पुढचा विचार करावा.

डब्यावरील ‘४के’चा अर्थ

कन्सोल आणि टीव्ही यांच्यामध्ये बसणाऱ्या कॅप्चर कार्डाच्या डब्यावर ‘४के’ ही अक्षरे ठळक असतात. अनेकदा त्यांचा अर्थ इतकाच, की कार्ड ४के दृश्य स्वीकारते आणि टीव्हीकडे तसेच पुढे पाठवते. नोंद मात्र १०८०पी दर्जातच होते. म्हणून ‘रेकॉर्डिंग’ या शब्दापुढील आकडा वाचणे महत्त्वाचे.

यामागचे गणित सोपे आहे. ४के चित्रात ३८४० गुणिले २१६०, म्हणजे सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला अशी ६० चित्रे पाठवायची, तर रंगांची माहिती काहीशी कमी करूनही सेकंदाला सुमारे ६ गिगाबिट माहिती वाहून न्यावी लागते. १०८०पी दर्जासाठी हेच प्रमाण दीड गिगाबिट आहे. यूएसबी २.० ची क्षमता सेकंदाला ४८० मेगाबिट, तर यूएसबी ३.० ची ५ गिगाबिट. त्यामुळे यूएसबी २.० वरील स्वस्त कार्डांना दृश्य आधीच दाबून पाठवावे लागते आणि चित्र भुरकट होते. यूएसबी ३.० वर ६० चित्रांचे १०८०पी किंवा ३० चित्रांचे ४के दृश्य निर्वेध येते. ६० चित्रांच्या ४के दृश्यासाठी मात्र १० गिगाबिटचे यूएसबी किंवा मदरबोर्डवर बसणारे कार्ड घेणे श्रेयस्कर.

ग्राफिक्सपेक्षा एन्कोडर महत्त्वाचा

दृश्य आकुंचित करण्याचे काम प्रोसेसरवर सोडले, तर साधा संगणक धापा टाकू लागतो. म्हणूनच या कामासाठी चिपमध्ये स्वतंत्र विभाग असतो. त्याला एन्कोडर म्हणतात. इंटेलने २०११ मध्ये ‘क्विक सिंक’ आणि एनव्हिडियाने २०१२ मध्ये ‘एनव्हीएन्क’ या नावाने तो आणला. इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये तो असल्याने निराळे कार्ड घ्यावेच लागते असे नाही.

फसगत होते ती इथेच. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाअखेरीस ‘एफ’ हे अक्षर असते, तो थोडा स्वस्त मिळतो. पण त्यात अंगभूत ग्राफिक्स नसते आणि म्हणून क्विक सिंकही नसते. एनव्हिडियाच्या जीटी १०३० किंवा एएमडीच्या आरएक्स ६४०० आणि ६५०० एक्सटी या कार्डांतही एन्कोडर नाही. चित्रणासाठी म्हणून ही कार्डे घेतल्यास पैसे वाया जातात.

कार्यालयांतून निघालेला, इंटेलच्या आठव्या पिढीचा आय५ प्रोसेसर असलेला जुना संगणक १०८०पी चित्रणाला पुरेसा ठरतो. त्याहून जुना मात्र घेऊ नये. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी इंटेलची किमान आठवी पिढी लागते.

डिस्क : वेगापेक्षा जागा

सेकंदाला ६० मेगाबिट या दराने नोंदलेले चित्रण तासाला २७ गिगाबाइट जागा घेते. एक टेराबाइटची डिस्क सुमारे ३७ तासांत भरते. लिहिण्याचा वेग मात्र सेकंदाला जेमतेम साडेसात मेगाबाइट लागतो. तो साध्या हार्ड डिस्कलाही सहज झेपतो. म्हणून विंडोजसाठी छोटी एसएसडी आणि साठवणीसाठी मोठी हार्ड डिस्क ही विभागणी किफायतशीर ठरते. १६ गिगाबाइट रॅम असल्यास संपादनही अडत नाही.

लक्षात ठेवावे असे

सारे जोडूनही पडदा काळाच दिसला, तर बिघाड समजून घाबरू नये. प्लेस्टेशनमध्ये नक्कल रोखणारी ‘एचडीसीपी’ यंत्रणा सुरू असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करावी. ती बंद असताना चित्रपटांची काही अॅप चालत नाहीत, हेही ध्यानात असावे. खेळताना टीव्हीकडेच पाहावे, कारण संगणकावरील दृश्य किंचित उशिरा उमटते. ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर वापरताना फाइल ‘एमकेव्ही’ प्रकारात नोंदवावी. ऐन खेळात वीज गेली, तरी तोवरचे चित्रण वाचते. साध्या ‘एमपी४’ फाइलची ती खात्री नसते.

मर्यादित रकमेतून आधी चांगले कॅप्चर कार्ड, मग एन्कोडर असलेला प्रोसेसर आणि शेवटी डिस्क, असा क्रम ठेवावा. आपले प्रेक्षक मोबाइलच्या पडद्यावर पाहणारे असतील, तर ४के आणि १०८०पी यांतील फरक त्यांना क्वचितच जाणवेल. स्वच्छ आवाज मात्र सर्वांना कळतो. तेव्हा वाचलेल्या पैशांतून बरासा मायक्रोफोन घेणे अधिक शहाणपणाचे.