मामा तलाव कोणाचा?

भूगोलाचा तास चालला असतां आमच्या वर्गांतील एका मुलानें उभें राहून विचारलें, "गुरुजी, आमच्या गांवीं मामा तलाव आहे. तो कोणाच्या मामाचा?" सारा वर्ग हंसला, विचारणारा मात्र हंसला नाहीं. 'माजी मालगुजारी' या दोन शब्दांचीं पहिलीं अक्षरें जोडून सरकारी दप्तरांत 'मा. मा. तलाव' असें लिहूं लागले, आणि लोकांच्या तोंडीं त्याचा 'मामा तलाव' झाला, एवढें सांगून त्याचें समाधान करतां आलें. परंतु तलाव कोणाचा, हा त्याचा मूळ प्रश्न तसाच राहिला. तो प्रश्न पोरकट नाहीं. त्यासाठींच हा लेख लिहिला आहे.

आपल्या भागांत वर्षाला सुमारें १३०० मिलिमीटर पाऊस पडतो. हें मान कमी नव्हे. पण तो बहुतेक सगळा चार महिन्यांत पडून जातो, आणि धानाच्या पिकास तर रोवणीपासून दाणा भरेपर्यंत पाणी हवें. आश्विनांत धान निसवण्याच्या वेळीं पावसानें पाठ फिरविली कीं वर्षाची मेहनत वायां जाते. या एका अडचणीवर आपल्या पूर्वजांनीं तलावाची तोड काढली. गोंड राजांच्या अमदानीपासून येथें तलाव बांधले जात आहेत. त्या कामांत कोहळी समाजाचा हातखंडा होता. पाणी पाहावें कोहळ्यानें, अशी त्यांची ख्याति. आज गोंदिया जिल्ह्यांत मोडणारा नवेगांवबांध कोलू पाटील कोहळी यानें बांधला, अशी आख्यायिका आहे. (१९९९ पर्यंत तो जिल्हा आणि आपला जिल्हा एकच होता, हें लहान वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.)

तलावाची रचना वरून साधी दिसते. आंत मोठें शहाणपण आहे. जेथें दोन टेकड्यांमधून पाणी उतरतें तेथें मातीची पाळ घालावयाची, म्हणजे तीन बाजू निसर्गानेंच बांधून दिलेल्या असतात. पाळीच्या पोटांतून पाणी सोडण्यास दार ठेवितात, त्यास तुडुम म्हणतात. जादा पाण्यानें पाळ फुटूं नये म्हणून एका अंगास सांडवा असतो. एका तलावाचा सांडवा खालच्या तलावास भरतो, तो त्याच्या खालच्यास. आणि अधल्यामधल्या शेतांना लहान लहान बोड्या असतात. पावसाचा थेंब वैनगंगेस मिळण्यापूर्वीं असा चार ठिकाणीं मुक्काम करून जाई. मुक्कामांत तो जमिनींतही मुरे, त्यामुळें पाळीखालच्या विहिरी उन्हाळ्यांतही तळ दाखवीत नसत. वरच्या टेकडीवर रान राखलेलें असे. रान तुटलें कीं माती वाहून तलावांत येते, हें त्यांस कोणीं पुस्तकांतून शिकविलें नव्हतें.

मातीची पाळ आणि उथळ पात्र हीं आपोआप टिकत नाहींत. दर उन्हाळ्यांत पाळीवर माती चढवावी लागे, पाट साफ करावे लागत, आणि आटलेल्या तलावांतील गाळ बैलगाड्यांनीं शेतांत नेऊन टाकावा लागे. गाळ काढल्यानें तलाव खोल होई व तोच गाळ शेतास खत होई. इंग्रजी अमलांत गांवची मालकी मालगुजारांस मिळाली, तेव्हां गांवच्या चालीरीति 'वाजिब-उल-अर्ज' या कागदांत लिहून ठेवल्या गेल्या. पाणी, मासे, रान, गवत यांवर गांवकऱ्यांचा जो वहिवाटीचा हक्क, त्यास निस्तार म्हणत. हक्कासमागें काम होतें व कामासमागें हक्क होता. मात्र यावरून मालगुजारी म्हणजे रामराज्य होतें असें कोणीं समजूं नये. वेठबिगारीनें पुष्कळ घरें गांजली होतीं. ती व्यवस्था गेली, हें योग्यच झालें.

ती गेली १९५१ सालीं. मध्य प्रदेशाच्या १९५० च्या कायद्यान्वयें (आपला जिल्हा १९५६ पर्यंत त्या प्रांतांत होता) मालकी हक्क रद्द होऊन तलाव सरकारजमा झाले. पुढें लहान तलाव जिल्हा परिषदेकडे आणि मोठे पाटबंधारे खात्याकडे गेले. मालगुजार गेला, पण त्याच्याबरोबर गांवाची उन्हाळी कामाची रीतही गेली, हें दुर्दैव. पाणीपट्टी कोणीं व कां द्यावी याचा वाद पडला. गांवकरी म्हणत, तलाव सरकारचा, दुरुस्ती सरकारनें करावी. कचेरीपाशीं इतक्या तलावांस पुरेल असा पैसा नव्हता. पाळी खचल्या, तुडुम फुटले, पात्रांत गाळ बसला, कांठांवर अतिक्रमण झालें. गाळावर गुलाबी फुलांचें बेशरम माजलें. हें झुडूप मूळचें दक्षिण अमेरिकेकडचें. तोडून टाकलेल्या कांडीसही पुन्हां मुळें फुटतात, यावरून त्याचें नांव किती सार्थ आहे तें कळेल.

सर्वांत अधिक झळ ढीवर बांधवांस लागली. उत्पन्न वाढावें म्हणून तलावांत रोहू, कटला यांचें बीज सोडण्यात आलें. हे मासे वाहत्या पाण्यांत अंडीं घालणारे. तलावाच्या उभ्या पाण्यांत त्यांची पैदास होत नाहीं, म्हणून बीज दर वर्षीं विकत आणावें लागतें. कोठें कोठें गवत्या मासाही आणला, त्यानें पाण्याखालच्या वनस्पति खाऊन टाकल्या. त्या वनस्पतींच्या आसऱ्यानें स्थानिक मासे अंडीं घालीत. आसरा गेला तसे मासेही गेले.

येथें एक आशेची गोष्ट सांगितली पाहिजे. 'भंडारा निसर्ग व संस्कृति अभ्यास मंडळ' या संस्थेनें ढीवर लोकांबरोबर बसून जुन्या माणसांना आठवत असलेल्या माशांची व पाणवनस्पतींची माहिती गोळा केली. मग उन्हाळ्यांत बेशरम मुळासकट उपटावयाचें, आटलेलें पात्र नांगरावयाचें, आणि पाऊस पडतांच चांगल्या तलावांतून आणलेल्या देशी पाणवनस्पति लावावयाच्या, असें काम त्यांनीं केलें. धानाची रोवणी जशी, तशीच ही तलावाची रोवणी! तिच्यांत स्त्रियांचा हात मोठा आहे. वनस्पति आल्या तेथें देशी मासे व पक्षीही परतूं लागले. बीज विकत न घेतां पैदास होणारा मासा आणि दर वर्षीं पैसे मोजून आणावयाचा मासा, यांतील फरक ज्याच्या घरीं जाळें आहे त्यास समजावून सांगावा लागत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, नळ आले, मोठीं धरणें झालीं, जुने तलाव हवेत कशाला? याचें उत्तर आकाशांत आहे. कोळसा व तेल जाळल्यानें पृथ्वीचें हवामान तापत आहे. १९०१ ते २०१८ या काळांत भारताचें सरासरी तपमान सुमारें ०.७ अंशानें वाढलें. हवा एक अंश तापली कीं ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धरूं शकते. म्हणून पडतो तेव्हां पाऊस धो धो पडतो, आणि मध्यें कोरड्या दिवसांची मोठी खिंड पडते. अशा पावसास थोपवून धरणारें साधन आपल्या गांवाबाहेर आयतें उभें आहे. राष्ट्रांनीं २०१५ सालीं पॅरिस येथें करार केला, भारतानें २०७० पर्यंत आपलें निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणण्याचें जाहीर केलें. तीं कामें त्यांच्या जागीं आवश्यकच आहेत. पण भंडाऱ्याच्या शेतकऱ्यास येत्या आश्विनांत पाणी पाहिजे.

सरकारनेंही हात आखडलेला नाहीं. २०१७ पासून 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' ही योजना चालू झाली. ती म्हणजे बैलगाडीची जुनी रीत यंत्रानें करणें होय. यंत्रास मात्र कोठें थांबावें तें सांगावें लागतें. कांठ उभा कोरला तर उथळ पाणी नाहींसें होतें, आणि पाणवनस्पति वाढतात व सारसासारखे पक्षी चरतात तें उथळ पाण्यांतच. दुसरी उणीव कायद्यांतली. पाणथळ जागांच्या रक्षणासाठीं केंद्र सरकारनें २०१७ सालीं जे नियम केले, त्यांतून पाणी पिण्यासाठीं वा शेतीसाठीं मनुष्यानें बांधलेले तलाव वगळले आहेत. आपले तलाव शेतीसाठींच बांधलेले; म्हणजे ज्यांनीं बांधिले त्यांचा उद्योगच त्यांच्या रक्षणाच्या आड आला! असें वाटतें कीं हा नियम करणाऱ्यांनीं आपला जिल्हा पाहिला नसावा.

घरच्या गोष्टींचाही तलावाशीं संबंध आहे, तो पालकांनीं पाहावा. थर्माकोलच्या ताटवाट्यांवर महाराष्ट्रांत २०१८ पासून बंदी आहे. तरी लग्नसराईनंतर पाळीखालीं काय पडलेलें दिसतें? आपल्याकडे पळसाला कधीं तोटा नव्हता. त्याच्या पानांची पत्रावळ महिन्याभरांत माती होते, आणि ती टांचणाऱ्या बाईच्या घरीं चार पैसे जातात. धुण्याच्या पुडीचें पाणी गटारांतून तलावांत गेलें कीं त्यांतील क्षारांवर जलपर्णी पोसते. नागपूरचें सांडपाणी नाग नदीवाटे कन्हानेंत व कन्हानेवाटे वैनगंगेंत येतें, म्हणून आपण त्या शहरास दोष देतों, आणि तो खराही आहे. पण आपल्या गांवचें गटार कोठें जातें, हें किती जणांनीं चालत जाऊन पाहिलें आहे?

पवित्र शास्त्राच्या पहिल्या पुस्तकांत मनुष्यास बागेंत ठेविल्याची कथा आहे. बाग त्याच्या मालकीची करून दिली असें तेथें नाहीं. मशागत व राखण हीं दोन कामें मात्र त्यास नेमून दिलीं होतीं. मालगुजार, सरकार, गांव यांपैकीं तलाव कोणाचा, या प्रश्नाकडे या बाजूनेंही पाहतां येईल.

त्या मुलास मीं शेवटीं एक काम सांगितलें. तलाठ्याच्या कचेरींत गांवाचें निस्तारपत्रक असतें. वडिलांबरोबर जाऊन तें पाहून ये, म्हटलें. दिवाळीच्या सुटीनंतर तो एक घडी केलेला कागद घेऊन आला. त्यावर त्यानें तलावाचा गट क्रमांक उतरून आणला होता, आणि खालीं आपल्या अक्षरांत लिहिलें होतें: पाळीवर तीन ठिकाणीं भगदाडें, बेशरम पूर्वेच्या कांठास, तुडुम बुजलेला.