हिमालयाची पूर्वतयारी सह्याद्रीत

साताऱ्याच्या प्रियांका मोहिते यांनी 2013 मध्ये एव्हरेस्ट आणि 2021 मध्ये 8,091 मीटर उंचीचे अन्नपूर्णा शिखर सर केले, हा या मुलखातील तरुणांस हिमालय अगम्य नसल्याचा उघड दाखलाच होय. तथापि पाठीवर ओझे घेऊन साताऱ्याच्या अजिंक्यतारा किल्ल्याची अथवा मिरजेजवळच्या दंडोबा डोंगराची चढण महिनोन्महिने नित्यनेमाने चढल्याने पाय व हृदय बळकट होत असले, तरी विरळ हवेचा सराव येथे घडत नाही. कारण महाबळेश्वरही जेमतेम 1,400 मीटरांच्या आसपास, आणि 5,500 मीटरांवर तर प्राणवायू समुद्रसपाटीच्या सुमारे निम्माच लाभतो. म्हणून 3,000 मीटरांपुढे मुक्कामाची उंची दररोज 500 मीटरांहून अधिक वाढवू नये व दर तीन-चार दिवसांनी विश्रांतीची तजवीज ठेवावी. डोकेदुखी आणि मळमळ जाणवत असताना वर जाण्याचा हट्ट प्राणघातक ठरू शकतो, हे मी आग्रहाने सांगेन.

सुती कपडे घामाने भिजल्यावर लवकर वाळत नाहीत, सबब अंगालगत लोकरीचे किंवा कृत्रिम धाग्याचे वस्त्र, त्यावर ऊबदार थर आणि सर्वांवर वारा-पाऊस अडविणारे जाकीट असावे. बुटांविषयी मात्र मुळीच हयगय नको. ते घाटवाटांवर वापरून आधीच पायांच्या सवयीचे करून घ्यावेत.