दूध सोसत नाही, तेव्हा पोटात काय घडतं

पेलाभर दूध प्यायलं की तास-दोन तासांत पोट डब्ब होतं, गुडगुडतं, कधी जुलाब होतात. कुणाला हा त्रास विशीत सुरू होतो, कुणाला पन्नाशीत. घरचे म्हणतात, पोट नाजूक आहे. ते काही खरं नाही.

दुधातली साखर म्हणजे लॅक्टोज. ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज या दोन साध्या साखरांची ती जोडी. जोडी फुटल्याशिवाय ती रक्तात शोषली जात नाही. फोडण्याचं काम करतं लहान आतड्याच्या अस्तरातलं लॅक्टेज हे विकर. तान्ह्या बाळात ते भरपूर असतं. अंगावरचं दूध सुटलं की बहुतेकांत ते हळूहळू कमी होत जातं. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांचं असंच आहे. त्यामुळे याला आजार म्हणणं मला पटत नाही. मोठेपणीही लॅक्टेज टिकवणारा जनुकीय बदल गुरं पाळणाऱ्या समाजांत पसरला. भारतात तो वायव्येला जास्त आढळतो, दक्षिणेला आणि पूर्वेला कमी.

न फुटलेलं लॅक्टोज आतड्यात पाणी ओढून घेतं. त्यानेच शौचाला पातळ होतं. पुढे ते मोठ्या आतड्यात पोचतं. तिथले जीवाणू ते आंबवतात आणि हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही तयार होतो. पोट फुगतं ते या वायूंमुळे. यातला थोडा हायड्रोजन रक्तातून फुप्फुसात येतो, म्हणून श्वासातला हायड्रोजन मोजून निदान करता येतं.

दही मात्र अशा अनेकांना चालतं. विरजणातले जीवाणू थोडं लॅक्टोज आधीच संपवतात, शिवाय त्यांचं स्वतःचं विकर आपल्या आतड्यात उरलेल्याला हात घालतं. तुपात तर लॅक्टोज जवळजवळ नसतंच. शिवाय बरेच जण जेवणासोबत कपभर दूध निभावून नेतात, कारण अन्नाबरोबर ते जठरातून सावकाश पुढे सरकतं.

जोराचे जुलाब होऊन गेल्यावरही काही आठवडे दूध बाधू शकतं. जुलाबात दुखावलेलं आतड्याचं अस्तर भरून आलं की तो त्रास जातो.

म्हातारपणी कॅल्शियमची गरज वाढते, त्यामुळे दूध बाधलं म्हणून दही-ताकही तोडू नका. पण वजन घटत असेल, शौचातून रक्त जात असेल किंवा जुलाबाने रात्री झोपमोड होत असेल, तर दुधाला दोष देत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.