हॉर्न वाजला की सायकलनेच खाली उतरायचं का? भांडणाचं मूळ साइडपट्टीत

ऊसतोड सुरू झाली की गावाकडच्या रस्त्यांवर रोजची बाचाबाची ठरलेली. ट्रॅक्टरवाला म्हणतो, सायकलवाली पोरं बाजूला होत नाहीत. सायकलवाला म्हणतो, मोटारसायकली अंगावर येतात. मोटारसायकलवाला म्हणतो, ट्रॉलीला मागे लाइटच नाही. तिघांचंही थोडं थोडं खरं आहे. पण बरीच भांडणं साइडपट्टीमुळे होतात, तिकडे कुणाचं लक्ष नसतं.

जुन्या डांबरावर नवा थर टाकला की रस्ता उंच होतो. कडेला मुरूम भरून दाबायचं मात्र राहून जातं. मग डांबराची कड आणि माती यांच्यात चार बोटांची, कुठे वीतभर पायरी तयार होते. गाडीत बसलेल्याला ती दिसत नाही. त्याला वाटतं, हॉर्न दिलाय, आता हा उतरेल. पण सायकलचं बारीक चाक त्या कडेवरून तिरकं घसरलं की हँडल फिरतं आणि माणूस पडतो, कधी कधी थेट गाडीकडेच. पाठीवर दप्तर आणि मागे डबलसीट मैत्रीण असेल तर विचारूच नका. म्हणून सायकलवाला डांबर सोडत नाही. तो आडमुठेपणा नव्हे.

नियम काय सांगतो? सायकलने डावीकडून चालायचं. मागून येणाऱ्याने उजवीकडून, पुरेसं अंतर सोडून पुढे जायचं. समोरून गाडी येत असेल तर थांबायचं. हॉर्न म्हणजे फक्त सूचना, रस्ता मोकळा करून घेण्याचा हक्क नाही.

रात्रीचं गणित वेगळं. ताशी ६० च्या वेगात मोटारसायकल सेकंदाला साधारण १७ मीटर जाते. समोरच्याने डिपर दिला नाही आणि डोळ्यांपुढे दोन सेकंद अंधारी आली, तर ३० मीटरहून जास्त रस्ता न बघता मागे पडतो. तेवढ्यात उसाची बिनलाइटची ट्रॉली उभी असली तर? ट्रॉलीला आणि सायकलच्या मडगार्डला लाल रिफ्लेक्टर लावायला फार पैसे लागत नाहीत. आणि भरलेल्या ट्रॅक्टरपुढे गाडी घुसवू नका. बऱ्याच ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो, दोन ट्रॉल्यांचा भार एकट्या ट्रॅक्टरवर येतो.

साइडपट्टीची तक्रार कुठे करायची? ग्रामीण मार्ग आणि इतर जिल्हा मार्ग जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे असतात. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे. किलोमीटरच्या दगडाचा माथा हिरवा असेल तर तो राज्य मार्ग समजा. अर्जासोबत कडेचा फोटो जोडा. फोटोत पट्टी उभी धरा, म्हणजे खोली दिसेल.

धडक देऊन वाहन पळालं आणि सापडलंच नाही, तरी केंद्राच्या योजनेतून मृत्यू झाल्यास २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात. सायकलस्वार आणि पायी चालणाऱ्यालाही. त्यासाठी पोलिसांत नोंद हवी. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयात करायचा.